सोंग नको, पेहराव हवा

कार्तिक सरत आला की गोव्यातल्या पेडण्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. हळर्णच्या आसपासच्या कुठल्याही गावात रात्री उशिरा दशावताराचा पेटारा उघडतो. दिवसा शेतात किंवा कारखान्यात राबणारा माणूस अंगाला लुगडं गुंडाळतो, केसांवर गंगावन बांधतो, गळ्यात माळा घालतो आणि बघता बघता राणी होतो. पहाटे नाटक संपलं की राणी परत पेटाऱ्यात जाते आणि माणूस चहा प्यायला जातो.

जुने कपडे रोज वापरायचे म्हटलं की आपल्याला हीच भीती वाटते. आजीचं लुगडं नेसून बँकेत गेले, तर लोक ‘आज नाटक कुठे?’ असं विचारतील का? ही भीती अगदीच खोटी नाही. डोक्यापासून पायापर्यंत जुनं चढवलं की सोंग होतं. त्या जुन्यातलं एकच काही उचललं आणि बाकी सगळं आपलं रोजचं ठेवलं, की पेहराव होतो. या लेखातल्या सगळ्या सूचना त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

ट्रंकेत काय असतं?

१७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णचा कोट जिंकला आणि जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे ‘मार्केश द अलोर्ना’ ही पदवी मिळाली. गावाचं नाव असं लिस्बनपर्यंत गेलं. गावातल्या बायकांचं कापड मात्र सावंतवाडी-बेळगावच्या वाटेनेच येत राहिलं. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या नव्या काबिजादी, म्हणजे मागाहून जिंकलेले मुलूख, १७८० च्या दशकात पोर्तुगीजांकडे कायमच्या गेल्या. त्याआधीच, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना चोळी आणि धोतर वापरायची बंदी केली होती. जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती घरांची पेटी या फर्मानानंतर वेगळ्या वाटेने गेली. तिथे पुढे मांडोच्या नाचातला जरीकाम केलेला ‘पानो बाजू’ आला. आमच्याकडच्या हिंदू घरांत मात्र नऊवार, काष्टा, खणाची चोळी, उपरणं आणि कद हे सगळं तसंच चालू राहिलं.

म्हणून पेडणे-डिचोलीतली जुनी ट्रंक उघडलीत तर साधारण असं सापडेल: इरकली लुगडं, गुळेदगुडचा खण, लग्नातला बनारसी शालू, एखाद्या घरात पैठणी, देवपूजेचा कद किंवा मुकटा, आजोबांचा काळा कोट, झंपर, परकर-पोलकं. त्याच्या वरच्या थरात १९५०-६० नंतरचा काळ सापडतो. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत गोव्यात परदेशी माल मुबलक मिळे, त्यामुळे नायलॉनच्या साड्या आणि टेरिलिनचे शर्टही इथल्या घरांत आहेत. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांनी आणलेलं मिलचं कापड तर घरोघरी आहे.

कापडाच्या व्यवहारात साधारण वीस वर्षांपेक्षा जुन्या कपड्याला ‘व्हिंटेज’ आणि शंभर वर्षांपलीकडच्याला ‘अँटिक’ म्हणतात. तुमच्या हातात बहुतेक वेळा पहिल्या जातीचं येईल. दुसऱ्या जातीचं असेल, तर पुढच्या परीक्षा दुप्पट काळजीने करा.

आधी तीन परीक्षा, मग तीन ढीग

ट्रंकेतून काढलेला कपडा लगेच अंगाला लावू नका. आधी त्याची प्रकृती बघा.

*उजेडाची परीक्षा.* कापड खिडकीसमोर उभं धरा. घड्यांच्या रेषेत उजेड जास्त येत असेल, तर तिथे कापड विरलं आहे. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की सर्वांत आधी तिथेच तुटतं.

*बोटांची परीक्षा.* काठ आणि पदर जिथे मिळतात, तिथे दोन बोटांनी अगदी हलका ताण द्या. इरकल साडीत अंगाचं आणि पदराचं सूत एकमेकांत अडकवून जोडलेलं असतं, म्हणून हा जोड मुद्दाम तपासा. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला तर थांबा.

*ओल्या बोळ्याची परीक्षा.* पांढऱ्या सुती कापडाचा बोळा गार पाण्यात पिळून आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबा. रंग लागला तर ते कापड घरी धुवायचं नाही. लाल, जांभळा आणि गडद हिरवा हे रंग नेहमीचे दगाबाज आहेत.

यानंतर तीन ढीग करा. जे मजबूत आहे ते नेसायला. जे नेसता येत नाही, पण ज्याचा काठ, पदर किंवा एखादा तुकडा चांगला आहे, ते वापरायला. जे हात लावला तरी तुटतं, ते जपायला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचा मोह पहिल्या दिवशी धरू नका. पहिल्या ढिगातलंही काही घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सोवळ्याचा कद किंवा गेलेल्या माणसाचं लग्नाचं वस्त्र कुणी कुठे वापरावं, याविषयी प्रत्येक घराचं आपलं मन असतं. कपडा आपला असला तरी त्याची आठवण सगळ्यांची असते.

नऊवारीचं काय करायचं?

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, सहा वार म्हणजे साडेपाच. मधल्या पावणेतीन मीटरचं काय करायचं, हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेकांचा हात लगेच कात्रीकडे जातो. जाऊ देऊ नका. नऊवार सहावारीसारखी नेसायची असेल, तर कमरेभोवती एक फेरा जास्त घ्या आणि उरलेलं निऱ्यांत व पदरात वाटून टाका. सुती लुगड्याला हे छान जमतं. जाड रेशमाचं पोट फुगतं, त्याला काष्टाच बरा.

काष्ट्याला आज लोक सणाचा वेष समजतात. प्रत्यक्षात तो कामाचा वेष आहे. शेतात वाकणाऱ्या, विहिरीवर चढणाऱ्या बायकांनी तो घडवला. गोव्यातल्या कुणबी-गावड्या समाजाच्या बायका लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुडघ्याच्या वर नेसत आणि खांद्यावर गाठ मारत, तेही भाताच्या चिखलात चालायला सोपं म्हणून. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या फॅशन डिझायनरने तीच कुणबी साडी पुन्हा लोकांपुढे आणली. गोव्याच्या वेषभूषेवरचं त्याचं ‘मोडा गोवा’ हे पुस्तक २०१२ साली आलं. चौकडीचा एक काठ ठेवून बाकी साधं कसं राखायचं, हे त्याच्या कामातून शिकण्यासारखं आहे.

लुगडं रोज नेसायचं असेल, तर हे तीन नियम पुरे आहेत.

पहिला: वरचं अंग आजचं ठेवा. इरकलीबरोबर जुळणाऱ्या खणाचा ब्लाऊज शिवलात तर लग्नघर दिसतं. त्याऐवजी साधा पांढरा शर्ट किंवा बाह्या नसलेला काळा सुती टॉप घाला.

दुसरा: दागिना एकच ठेवा. नाकात नथ असेल तर गळा मोकळा राहू द्या. केसांत अबोलीची फाती माळली असेल, तर कानात बारीक कुड्या पुरे.

तिसरा: पायांत रोजचं घाला. सपाट सँडल किंवा चामड्याची साधी चप्पल चालेल. मोजडी आणि जरीची पिशवी एकत्र आली की दशावताराची राणी दारात उभी राहते.

स्कूटरवर जाणार असाल तर पदर कमरेत खोचा आणि निऱ्यांचा घोळ मांडीखाली दाबून बसा. मागच्या चाकात पदर गेल्याचं ऐकलेलं नाही, असा माणूस गोव्यात सापडणं कठीण आहे.

नेसायचं नसेल तर

खण हा ट्रंकेतला सर्वांत सोपा कपडा आहे. काठाजवळची नक्षी पुढच्या बाजूला येईल असा बिनबाह्यांचा झंपर शिवून घ्या आणि तो सुती पँटवर किंवा डेनिमवर घाला. शिंप्याला आधी सांगा की खणाचे काठ कापायचे नाहीत, गळ्याला आणि कमरेला वळवायचे. तयार जुना झंपर तुम्हाला होत नसेल, तर आत शिवणीला माया किती आहे ते बघा. जुने शिंपी दोन्ही कुशींना आणि पाठीला बरीच माया ठेवत, कारण तेव्हा कपडा बाईच्या अंगाबरोबर वाढत असे. ती माया सोडवली की दीड-दोन इंच सहज मिळतात. नव्या शिवणीची रेघ जुन्या रंगाहून गडद दिसेल, तिला लाजू नका.

उपरणं आणि शेला हे तर तयार स्टोल आहेत. पांढऱ्या कुर्त्यावर किंवा एकरंगी ड्रेसवर जरीच्या काठाचं उपरणं खांद्यावर सैल टाका, त्याच्या चुण्या करून पिन मारत बसू नका. एकरंगी कपड्यावर काठ उठून दिसतो, छापील कपड्यावर हरवतो.

आजोबांचा काळा कोट बायकांना चांगला बसतो, फक्त खांदे थोडे उतरतात. बाह्या कोपराखाली दोनदा दुमडा आणि खाली नेहमीचा सलवार-कुर्ता ठेवा. पुरुषांनी तोच कोट टीशर्टवर, पुढची बटणं न लावता घालावा. धोतर ऑफिसला चालत नाही, पण चांगल्या मिलच्या धोतराचं कापड उन्हाळ्यातल्या कुर्त्याला फार सुंदर होतं. काठ छातीवरच्या पट्टीला आणि बाह्यांना लावून घ्या.

टेरिलिनच्या शर्टांबद्दल मात्र सावध राहा. १९४१ मध्ये इंग्लंडात शोधलेला हा पॉलिएस्टर धागा सुरकुतत नाही, लवकर सुकतो, आणि घाम अजिबात शोषत नाही. गोव्याच्या मे महिन्यात तो शर्ट म्हणजे शिक्षा आहे. डिसेंबर-जानेवारीत, किंवा वातानुकूलित ऑफिसात, आत सुती बनियन घालून तो वापरा. त्यावरचे मोठे कॉलर आणि भडक छापे आज पुन्हा आवडतात, तेवढा फायदा घ्या.

कात्रीचा नियम

माझा नियम असा आहे: जो कपडा नेसता येतो, तो कापायचा नाही. जो नेसता येत नाही, तो वर्षभर तसाच ठेवायचा आणि मगच काय ते ठरवायचं. कापलेला पदर परत जोडता येत नाही, आणि दरवर्षी आपली आवड बदलते.

कापायचंच असेल तर मोठ्यातून लहान, या क्रमाने जा. मधून फाटलेल्या शालूचे काठ आणि पदर आधी सोडवा. लांब काठ साध्या सुती साडीला लावता येतो, पदराची ओढणी होते, उरलेल्या तुकड्यांच्या कुर्त्याच्या पट्ट्या होतात. त्याहून बारीक उरलं तर गोधडीत घाला. जुन्या कपड्याचा शेवटचा थर गोधडीत संपावा, ही आपल्याकडची रीतच आहे. जपानमध्येही गरीब शेतकरी अशीच ठिगळं जोडून वर्षानुवर्षं कपडे वापरत. त्या ‘बोरो’ कापडांना आज संग्रहालयात जागा मिळाली आहे.

विरलेल्या जागेला पाठीमागून मऊ मलमलचा तुकडा लावा आणि त्याच्यावर बारीक टाके घाला. मोठं भोक असेल तर ओळखीच्या रफूगराकडे द्या. जुन्या रेशमात सेफ्टी पिन टोचायची झाली, तर आधी मागून छोटा कापडी तुकडा ठेवून पिन त्यातून काढा. पदर खांद्यावर अडकवायला ब्लाऊजलाच एक बारीक नाडीचं कडं शिवून घेतलं, तर पिनेची गरजच राहत नाही.

घाम, पाऊस आणि लाँड्री

गोव्यात जुन्या कपड्याचा सर्वांत मोठा शत्रू ओल आहे. जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, मग घडीतल्या शालूचं काय सांगावं? हळर्णसारख्या शापोरा नदीकाठच्या गावात तर कपाट आतून गार लागतं.

पावसाळ्याआधी, मेच्या उन्हात, सगळ्या कपड्यांच्या घड्या मोडा, सावलीत वारा द्या आणि नव्या रेषांवर घडी घाला. पावसात महिन्यातला एखादा कोरडा दिवस बघून हेच पुन्हा करा. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते. धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी गंज चढलेला असेल, तर आधी जाड कापड अंथरा, गंजाचा डाग निघत नाही. डांबरगोळ्या, कापूर, वेखंड किंवा कडुनिंबाची सुकी पानं, जे वापराल ते पुडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. जरीला यातलं काहीही थेट चिकटू देऊ नका. कसर लागलेला कपडा दिसला तर तो वेगळा करा, बाकीच्यांत ठेवू नका.

खरी जर चांदीची असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. दमट हवेत ती काळवंडते. नकली जर तांब्याची असेल तर ती लालसर किंवा हिरवट पडते. अत्तर आणि डिओडरंट फवारायचं असेल, तर कपडा घालण्याआधी फवारा आणि अंग कोरडं झाल्यावरच नेसा. घाम येणार हे नक्की असेल तर झंपराच्या काखेत आतून सुती ठिगळ लावा, ते काढून धुता येतं.

धुण्याचं म्हणाल तर प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही. घरी आल्यावर तासभर सावलीत पसरून ठेवा. सुती लुगडं रिठ्याच्या गार पाण्यात, भिजत न ठेवता, हलक्या हाताने काढा. रेशीम पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं. इस्त्री उलट बाजूने, मध्ये मलमल घालून, आणि घडीच्या रेषेवर कधीच नाही.

ही शेवटची सूचना मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एक जुना शालू मी कपड्याचं वय न सांगता लाँड्रीत दिला. तिथे त्याला नव्या साडीसारखी कडक घडी आणि कडक इस्त्री मिळाली. परत आला तेव्हा निऱ्यांच्या जागी सहा उभ्या रेषांत रेशीम तुटलं होतं. लाँड्रीवाल्याची चूक होतीच, पण त्याआधी माझी होती. म्हणून आता पावतीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहिते: ‘जुनं रेशीम, घडी नको, गुंडाळून द्या.’

विकत घेताना, विकताना

घरात ट्रंक नसेल तर बाजार आहे. म्हापशाचा शुक्रवारचा आणि डिचोलीचा बुधवारचा बाजार मुख्यतः नव्या मालाचा असला, तरी कोपऱ्यात जुने खण आणि लुगडी अधूनमधून निघतात. हिप्पींच्या काळापासून चालत आलेल्या हणजुणच्या बुधवारच्या बाजारात परदेशी जुने कपडेही मिळतात, तिथे भाव दुप्पट सांगितला जातो हे गृहीत धरून बोला. खरेदी दिवसाउजेडी करा. काखेची शिवण, गळ्याचा काठ आणि पदराचा जोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बुरशीचा वास दोन-चार वेळा वारा दिला की जातो, काळे ठिपके मात्र राहतात.

विकण्याबद्दल एकच सांगते. जुनी जर विकत घेणारे लोक दारावर येतात. ते शालूचं वजन करतात, पैसे देतात आणि नंतर कापड जाळून चांदी काढतात. ज्या साडीचं रेशीम पूर्ण गेलं आहे, ती देण्यात काही चूक नाही. पण जिचा पदर अजून शाबूत आहे, तिची किंमत तिच्यातल्या चांदीत मोजू देऊ नका.

आजच सुरुवात करा

आजच्या दिवशी एवढंच करा. ट्रंकेतून एकच गोष्ट काढा, शक्यतो उपरणं किंवा खण. उजेडात धरा, बोळा लावा, वारा द्या. चवथीची वाट बघू नका. शनिवारी बाजाराला जाताना ती रोजच्या कपड्यावर घाला. कुणी ‘हें कोणाचें गो?’ असं विचारलं, तर उत्तर माहीत असू द्या.

आणि ते उत्तर लिहूनही ठेवा. कपडा परत गुंडाळताना एका सुती फडक्यावर पेन्सिलीने किंवा टाक्याने तीन ओळी घाला: कुणाचं, कुठून आणलं, साधारण कधी. माझ्याकडच्या एका इरकलीच्या फडक्यावर आधी आजीचं नाव होतं. खाली आईने आपलं लिहिलं. गेल्या पावसाळ्यात घड्या मोडताना मी तिसरं लिहिलं आणि त्यापुढे तारीख टाकली, कारण त्याच आठवड्यात मी ती पांढऱ्या शर्टावर नेसून पेडण्याच्या पोस्टात गेले होते आणि रांगेतल्या कुणीही नाटक कुठे आहे असं विचारलं नव्हतं.